पाच पीएसआयचं टायर, सत्तर पीएसआयची गादी

पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याला आपण सवयीनं सांगतो, "चारी चाकांत तीस." क्वाड बाइकच्या, म्हणजे चार फुगीर चाकांच्या आणि वर खोगिरासारखी सीट असलेल्या त्या उघड्या गाडीच्या टायरात मात्र बहुधा पाच पीएसआयच्या आसपासच हवा असते. आता या गाडीवर बसलेल्या माणसाच्या कमरेत डोकावू. दोन मणक्यांच्या मधल्या गादीत किती दाब असेल? तो नुसता सरळ उभा राहिला तरी सुमारे 70 पीएसआय. गाडीच्या टायरापेक्षा चौदा पट!

हा आकडा जिवंत माणसाच्या शरीरात मोजलेला आहे. जर्मनीतल्या उल्म शहरात संशोधकांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या गादीत इवलासा दाबमापक बसवला आणि साधारण एक दिवस-रात्र त्याला उठवलं, बसवलं, झोपवलं, हसवलंसुद्धा. 1999 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. आडवं पडल्यावर दाब 15 पीएसआय. कंबरेत वाकून 20 किलो वजन उचललं, तर 330 च्या वर. तेच वजन गुडघे वाकवून उचललं, तर 250 च्या आत. माणूस एकच होता, म्हणून हे आकडे जसेच्या तसे सगळ्यांना लागू करता येणार नाहीत, पण त्यांची चढउतार बघण्यासारखी आहे.

त्याहून नवल रात्रीचं. माणूस गाढ झोपलेला, अंगावर काही ओझं नाही, तरी पहाटेपर्यंत गादीतला दाब 15 वरून 35 वर गेला. कारण गादी पाणी पीत होती. मोठ्या माणसाच्या या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. तिला पाणी आणि पोषण आजूबाजूनं झिरपून मिळतं, आणि पाणी आत शिरायला वरचं ओझं उतरावं लागतं. दिवसा पिळायचं, रात्री भरायचं, असा तिचा जन्मभराचा दिनक्रम. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उंच असतो. आपल्याकडे कंबर धरली की लोक म्हणतात, "मणक्यात गॅप आलाय." खरं तर बऱ्याचदा उलट झालेलं असतं. गादी झिजून मधली जागा कमी झालेली असते.

पहाटेची ही टम्म फुगलेली गादी वाकताना जास्त ताण खाते. त्यामुळे क्वाडवरच्या कंबरदुखीवरचा पहिला उपाय घड्याळात आहे. अंथरुणातून उठून लगेच खडकाळ वाट धरू नका. तासभर हिंडा-फिरा, गादीतलं जादा पाणी निघू द्या.

आता हादऱ्यांकडे वळू. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा धक्का दिला तरी झोका वाढत जातो. बसलेल्या माणसाच्या धडालाही अशी स्वतःची लय आहे, सेकंदाला साधारण चार ते सहा हेलकाव्यांची. त्याच लयीत खालून धक्के आले की कणा ते वाढवून घेतो. समजा, वाटेवर मीटर-मीटरवर उंचवटे आहेत आणि गाडी ताशी 18 किलोमीटरनं चालली आहे. म्हणजे सेकंदाला पाच मीटर, सेकंदाला पाच धक्के. नेमकं नको ते! वेग निम्मा केला की धक्के अडीचवर येतात आणि लय मोडते. शिवाय प्रत्येक धक्काही सौम्य होतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण हादऱ्यांचा हिशेब ठेवण्याची जी पद्धत युरोपच्या कामगार-सुरक्षा नियमांतही आहे, तिच्यात धक्क्याचा जोर चौथ्या घातानं मोजतात. दुप्पट जोराचा एक धक्का सोळा साध्या धक्क्यांच्या बरोबरीचा. दिवसभराच्या खडखडाटापेक्षा न दिसलेला एखादा चर कंबरेला महाग पडू शकतो.

क्वाडवरच्या अशा हादऱ्यांशी न्यूझीलंडच्या मेंढपाळ शेतकऱ्यांची नेहमीची गाठ असते. तिथल्या डोंगरउतारांवरच्या शेतांत क्वाडनं घोड्याची जागा घेतली. मागच्या रॅकवर कुत्रा, पुढे मेंढ्यांचा कळप, आणि स्वार सारखा मान-कंबर वळवून मागे बघतोय. पिळलेल्या कंबरेत काय होतं? गादीभोवतीचं कडं पंधरा-पंचवीस पापुद्र्यांचं असतं. एका पापुद्र्यातले धागे डावीकडे तिरपे, तर पुढच्यातले उजवीकडे. कंबर पिळली की एका दिशेचे धागे ताणतात आणि दुसऱ्या दिशेचे सैल पडतात. म्हणजे ऐन धक्क्याच्या वेळी निम्मेच धागे कामावर! मागे बघायचं तर आधी गाडी थांबवावी, हे बरं.

क्वाडनं घोड्याची जागा घेतली, पण घोडेस्वाराची विद्या मात्र मागेच राहिली. घोडा दुडकी चालू लागला की जाणता स्वार खोगिरावर आदळत बसत नाही. रिकिबीत पाय रोवून, मांड न सोडता, तो घोड्याच्या तालावर उठतो-बसतो. क्वाडचे पायठाण म्हणजे रिकीबच. समोर खड्डा दिसला की सीटवरून थोडं उठायचं, गुडघे नि कोपरं सैल वाकवायची, पाठीला पोक येऊ द्यायचा नाही. मग धक्का घोटा, गुडघा, मांडी असा जिरत वर येतो आणि कमरेपर्यंत पोचेतो त्याचा जोर बराच ओसरतो.

धक्का कुणीतरी खायलाच हवा. आधी टायर, मग स्प्रिंग, मग सीट, मग पाय, आणि सगळ्यांत शेवटी गादी. पुढच्यानं काम टाळलं की ते मागच्याच्या गळ्यात पडतं. म्हणून टायरात कंपनीनं सांगितली तेवढीच हवा ठेवा आणि ती कमी दाबाच्या खास मापकानं मोजा. पाचात दोनची भर पडली तरी टायर चेंडूसारखं उडू लागतं. आणि उतरल्याबरोबर ओझं उचलू नका. बराच वेळ हादरे खाल्लेले पाठीचे स्नायू हाकेला उशिरा ओ देतात. आधी पाच-दहा मिनिटं चाला. पायात मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, तर डॉक्टर गाठा. लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र घटकाभरही थांबू नका.

पाचगणी-लोणावळ्याला सुट्टीत एटीव्हीवर, म्हणजे याच क्वाडवर, बसणारे आपण बहुतेक जण पोतं ठेवल्यासारखे बसतो. खरं तर ही विद्या आपल्याला अगदीच परकी नाही. एसटीच्या शेवटच्या बाकावर, मागच्या चाकांच्याही मागे बसलेला मुरलेला प्रवासी आठवून पाहा. गतिरोधक जवळ आला की तो पेंगतानाही पुढच्या सीटचा दांडा धरतो आणि बाकापासून चार बोटं वर उठतो.