भाग ३४ : हिटर लावला तरी गार वारा! गाडीत नेमकं काय बिघडलंय?

या भागावर सांगलीतून एक प्रतिक्रिया हमखास येणार हे मला माहितीये: "आमच्याकडं एप्रिलात बाहेरच हिटर चालू असतो, गाडीतला कशाला पाहिजे?" बरोबर आहे. मीपण असंच म्हणायचो. गेल्या जुलैपर्यंत.

झालं काय, आम्ही सांगलीहून महाबळेश्वरला निघालो होतो. पेठ नाका, कराड, सातारा, तिथून मेढा. केळघर घाट लागला आणि पाऊस, धुकं, सगळं एकदमच आलं. गाडीत पाच माणसं, काचा बंद. दोन वळणांत पुढची काच आतून पांढरी झाली. एसी लावला, तर थोड्या वेळानं काचेच्या बाहेरच्या बाजूनं वाफ धरायला लागली. हिटर लावला, तर गार वारा. आबा शेजारी बसून फडक्यानं काच पुसतायत आणि मी खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता बघतोय! एका बाजूला दरी. शेवटी कडेला थांबलो.

म्हणून आधी हे डोक्यात ठेवा: हिटर फक्त डिसेंबरात वेण्णा लेकला दवबिंदू गोठतात तेव्हाच्या थंडीसाठी नसतो. पावसाळ्यात घाटात काच साफ ठेवायला तोच लागतो. एसी हवा कोरडी करतो, हिटर तीच हवा गरम करून काचेवर सोडतो. दोन्ही एकत्र लावायचे असतात. नुसता एसी काच गार करतो, मग बाहेरची दमट हवा काचेवर जमते. आमचं तेच झालं होतं.

हिटर म्हणजे काय?

बऱ्याच जणांना वाटतं की आत गीझरसारखी कॉईल असते. साध्या पेट्रोल-डिझेल गाडीत उष्णता येते इंजिनाकडून. जळालेल्या इंधनातली ढोबळमानाने फार तर एक तृतीयांश ताकद चाकांना मिळते, बाकीची उष्णता होऊन जाते. त्यातली बरीचशी कूलंटमध्ये येते. हे गरम पाणी दोन पाईपांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये फिरतं. त्याला हिटर कोअर म्हणतात. ब्लोअर त्यावरून हवा मारतो. बस्स, एवढाच हिटर!

म्हणजे गार वारा येण्याची कारणं तीनच. इंजिन पुरेसं तापत नाही, तापलेलं पाणी कोअरपर्यंत पोचत नाही, किंवा कोअर गरम आहे पण हवा त्यावरून जात नाही. कोड डीबग करताना करतो तसं एकेक शक्यता काढून टाकायची.

घरच्या घरी तपासणी

एक. गाडी पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. मिनिमम आणि मॅक्सिमम या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. गरम गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो, त्यामुळं १०० अंशांच्या वर गेलेलं पाणीसुद्धा उकळत नाही. झाकण सैल केलं की ते क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.

दोन. टेम्परेचरचा काटा बघा. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवूनही काटा खालीच राहतो? मग इंजिनच तापत नाहीये. काटा वर चढतोय आणि हिटर मात्र गार? मग पाणी कमी आहे किंवा फिरत नाहीये. अशा वेळी गाडी लगेच कडेला घेऊन बंद करा. हिटरचं नंतर बघू, आधी इंजिन वाचवा. ज्या गाडीत काटा नसतो, तिथं निळा दिवा किती वेळ राहतो ते बघा.

तीन. वारा कधी गार येतो? सिग्नलला कोमट आणि हायवेला गार, तर संशय थर्मोस्टॅटवर. उलट, उभ्या गाडीत गार आणि रेस केली की गरम, तर पाणी कमी आहे, हवा अडकलीये किंवा वॉटर पंप थकलाय.

चार. इंजिन तापल्यावर गाडी बंद करा आणि फायरवॉलमधून आत जाणारे दोन होज पाईप जपून चाचपा. दोन्ही चांगले गरम असतील तर पाणी ठीक आहे, आतली झडप फिरत नाहीये. साध्या नॉबच्या गाड्यांत बऱ्याचदा केबल निसटलेली असते, ते काम अगदी स्वस्तात होतं. डॅशबोर्डमागून टकटक आवाज येत असेल तर झडपेची मोटर गेलेली असू शकते. एक पाईप गरम आणि दुसरा गार असेल तर कोअर चोंदलाय किंवा त्याचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कोमट असतील तर परत थर्मोस्टॅट.

हवा धरली!

शेतकऱ्याला हे सांगायला नको. फूटव्हॉल्व्ह गळला, पंपात हवा धरली की मोटर फिरते पण पाणी ओढत नाही. १९१० साली वसलेल्या आपल्या किर्लोस्करवाडीचे पंप जगभर गेले, आणि गाडीतला वॉटर पंपही त्याच सेंट्रिफ्यूगल जातीचा. हवा आली की तोही हतबल. हिटर कोअरचे पाईप बऱ्याच गाड्यांत उंचावर असतात, म्हणून हवा तिथं जाऊन बसते. कूलंट बदलल्यावर हिटर बंद पडला असेल तर हेच कारण धरा. हवा काढायची पद्धत गाडीनुसार बदलते. काहींना त्यासाठी वेगळा स्क्रू असतो. मेस्त्रींकडूनच करून घ्या, पण "हवा काढली का?" हे नक्की विचारा.

आमच्या गाडीचं काय निघालं?

आमची गाडी सेकंडहँड. दोन्ही पाईप कोमट. ब्लूटूथचा ओबीडी रीडर लावला तर हायवेला कूलंट ६०-६२ अंशांवर. साधारण ९० च्या आसपास पाहिजे. गाडी खोलली आणि बघतो तर थर्मोस्टॅट जागेवरच नाही! कुणीतरी कधीतरी काढून टाकला होता.

आपल्याकडं ही जुनी सवय आहे. "गाडी तापतीया? काढून टाका थर्मोस्टॅट, काय होत न्हाई." थर्मोस्टॅटमध्ये मेण असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ते वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. तो काढला की पाणी कायम रेडिएटरमधून फिरतं. उन्हाळ्यात गाडी तापली नाही की आपण खूश. पण इंजिन सदा अर्धवट गार राहतं, कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच चालू झालीये, तो जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं. आणि ज्या कारणानं गाडी तापत होती, ते तसंच राहतं.

बऱ्याचदा ते कारण म्हणजे पाणी. कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओतायचं! मिरज-वाळवा भागात राहणाऱ्यांनी गीझर उघडून आतला पांढरा थर बघितला असेल. तोच क्षार रेडिएटरच्या आणि हिटर कोअरच्या बारीक नळ्यांत बसतो, वर गंज. कूलंट फक्त बर्फ होऊ नये म्हणून नसतं. ते गंज रोखतं आणि उकळबिंदूही वाढवतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच वापरा, आणि मिसळायचं झालं तर डिस्टिल्ड वॉटर. ते विषारी असतं आणि चवीला गोड, म्हणून लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा.

हे दिसलं तर थांबू नका

पातळी सारखी कमी होतेय, शेजारच्या सीटखालचं मॅट ओलं आहे, गोडसर वास येतोय आणि काचेवर तेलकट वाफ बसतेय, तर हिटर कोअर गळतोय. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर किंवा ऑईल दुधाळ, तर हेडगॅस्केट. दोन्हींत नुसतं पाणी ओतत राहणं म्हणजे पुढचं मोठं बिल वाढवणं.

आम्ही नवा थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर साफ केला, ताजं कूलंट भरलं. थर्मोस्टॅटचा खर्च एका टाकी पेट्रोलपेक्षा कमी आला. ऑगस्टमध्ये परत तोच घाट, तेच धुकं, तीच पाच माणसं. काच साफ. आबांनी फडकं मात्र हातातच धरलं होतं, म्हणाले, "असू दे, गाडीचा काय भरवसा."

तर मंडळी, पावसाळ्याआधी एकदा हिटर लावून बघा. मे महिन्यात घाम फुटेल, पण केळघरला फुटण्यापेक्षा बरं. भेटू पुढच्या भागात!