हिवाळ्यात काठी का बांधून ठेवायची?



नाताळच्या सुटीत आम्ही चार मित्र दोन दिवसांसाठी हिमाचलातील तीर्थन नदीवर गेलो होतो, ट्राउट मासा धरण्याच्या हौसेने.

ट्राउट थंड, वाहत्या पाण्यात राहतो. तपकिरी ट्राउट मूळचा युरोपातला. इंग्रजांच्या काळात तो कुलू भागात आणला गेला. प्रवाहाकडे तोंड करून तो वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून गळाला पिसे व दोरा गुंडाळून खोटी माशी करतात. ही माशी फार हलकी असते. वजन दोरीत असते. काठीने दोरी फेकायची, माशी तिच्यामागे जाते.

आम्ही काठ्या बाहेर काढताच घरमालकांनी थांबवले. तेथे १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरण्यास बंदी असते. आम्ही आधी चौकशी केली नव्हती, ही चूक आमचीच. या दिवसांत मादी शेपटीने खडी उकरून खळग्यात अंडी घालते व वरून खडी लोटते. गार पाण्यात ती फुटायला कित्येक आठवडे लागतात. नदीत उतरणाऱ्याच्या पायाखालीही ती चिरडू शकतात. आपल्या मध्यप्रदेशातही याच कारणाने १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते.

एक मित्र म्हणाले, “इथे कोण बघतंय?” क्षणभर आम्हालाही मोह झाला. परीक्षेत पर्यवेक्षक बाहेर गेले की तुम्हालाही होत असेल! पण काठ्या पुन्हा बांधल्या आणि दोन दिवस काठावर बसून पाणी पाहिले. मार्चनंतर परवाना काढून पुन्हा जाऊ. तोवर पिल्ले पोहू लागलेली असतील.