मोहरीतले पिवळ्या धोत्र्याचे बी ओळखा



रब्बीत हरभऱ्याच्या, गव्हाच्या कडेने आपल्यापैकी बरेच जण मोहरीच्या दोन-चार ओळी टाकतात. घरच्या फोडणीला आणि लोणच्याला तेवढी पुरते. उरली तर बाजारात नाहीतर तेलघाण्यावर जाते. या मोहरीत एका विषारी तणाचे बी मिसळते. ते तण म्हणजे पिवळा धोत्रा. पोते शिवण्याआधी हे बी ओळखावे कसे, ते आज पाहू.

तण कोणते?

पांढऱ्या फुलाचा धोत्रा वेगळा. तोही विषारीच, पण इथे सांगतो आहोत तो पिवळ्या फुलाचा, काटेरी पानांचा. त्याच्या पानांवर पांढरट शिरा असतात आणि फांदी मोडली की पिवळा चीक येतो. रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, नाल्याच्या काठाने तो आपोआप उगवतो. मोहरीशी त्याचे नाते नाही. तो अफूच्या कुळातला आहे. मात्र त्याचे बी आकाराने थेट मोहरीएवढे असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहरी काढणीला येते, त्याच सुमारास याची काटेरी बोंडे वाळतात. एका बोंडात शेकडो बिया! कापणीत एखादे झाड पेंढीत आले, तरी खळ्यावरची रास बिघडते.

धोका किती?

या बियांच्या तेलात सँग्विनारिन नावाचे विष असते. शंभर भाग खाद्यतेलात एक भाग हे तेल आले, तरी माणूस आजारी पडू शकतो. दोन्ही पाय सुजतात, बोटाने दाबले तर खळगा पडतो. उलट्या-जुलाब होतात, कातडी लाल पडते, दम लागतो, हृदयावर ताण येतो, कधी दृष्टीही जाते. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत असे भेसळीचे मोहरी तेल खाऊन हजारो लोक आजारी पडले आणि ६० हून अधिक माणसे दगावली. तेव्हा तिथे सुट्या मोहरी तेलाची विक्रीच बंद करावी लागली होती.

बी कसे ओळखाल?

पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडी थोडी मोहरी काढा. मूठभर मोहरी पांढऱ्या कागदावर, चांगल्या उजेडात पसरा. मग असे करा:

१. बोटांत चोळून बघा. मोहरी गुळगुळीत लागते. धोत्र्याचे बी खरखरीत लागते.

२. भिंगातून बघा. धोत्र्याच्या बीवर जाळीसारख्या खाचा दिसतात आणि एका बाजूला बारीक टोक असते. रंग काळपट, बिनचमकीचा.

३. दाबून फोडा. मोहरी आतून पिवळी निघते, धोत्र्याचे बी आतून पांढरे.

चव घेऊन पाहू नका, बरं का! आणि बी एकाच मापाचे असल्याने चाळणीने सगळे निघेल, या भरवशावरही राहू नका. आपल्या भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन करणारे शेतकरी एकेक बी निरखून घेतात. तीच नजर मोहरीकडेही हवी.

तेल आधीच काढले असेल, तर प्रयोगशाळेत तपासून घ्या. तेलात तीव्र नायट्रिक आम्ल घालून हलवले, की भेसळ असल्यास आम्लाच्या थराला तांबूस रंग येतो. हे आम्ल कातडी जाळते, म्हणून हा प्रयोग घरी करू नका. शिवाय भेसळ अगदी थोडी असली तर या परीक्षेत ती सुटून जाऊ शकते. तेव्हा बी असतानाच पारखलेले बरे.

शेतात काय कराल?

धोत्रा फुलावर येण्याआधीच मुळासकट उपटा. काटे टोचतात, म्हणून हाताला गोणपाट गुंडाळा. बांधावरचाही सोडू नका. बोंडे धरलेली झाडे उकिरड्यावर टाकाल, तर शेणखतातून तेच बी पुन्हा शेतात येईल. ती वेगळी काढून जाळा. कापणीच्या आदल्या दिवशी ओळींतून एक फेरी मारा. मळणीयंत्र दुसऱ्याच्या शेतातून आले असेल, तर आधी ते झाडून घ्या.

घरात शंका आली तर

एकाच घरात दोघा-तिघांचे पाय एकदम सुजले, तर ते तेल त्याच क्षणी बंद करा. तेल तापवले, फोडणी दिली म्हणजे विष गेले, असे समजू नका. या विषावर उतारा नाही. तेल बंद करणे आणि वेळेवर उपचार घेणे हाच मार्ग. रोग्याला लगेच सरकारी दवाखान्यात न्या, सोबत त्या तेलाची बाटली घ्या. तेल विकतचे असेल तर अन्न व औषध प्रशासनालाही कळवा.

लक्षात ठेवा: गुळगुळीत आणि आतून पिवळी ती मोहरी, खरखरीत आणि आतून पांढरा तो धोत्रा. ज्या राशीत तो सापडेल, ती निवडून स्वच्छ केल्याशिवाय घरात वापरू नका, घाण्यावर नेऊ नका आणि विकूही नका.