हस्तिदंती चेंडूची कथा

बिलियर्डच्या हिरव्या मेजावर एक चेंडू दुसऱ्यास लागतांना जो स्वच्छ, टणक आवाज होतो, त्यासाठीं एके काळीं हत्तीला प्राणास मुकावें लागे. प्रथम हे चेंडू लांकडाचे असत. पुढें हस्तिदंत आला आणि त्याची उसळी अनुभवल्यावर जाणत्या खेळाडूस दुसरें कांहीं रुचेना.

परंतु हस्तिदंत मोठा लहरी. एका सुळ्यांतून उत्तम प्रतीचे चार-पांच चेंडूच निघावयाचे. सुळ्याच्या गाभ्यांतून मज्जातंतूची बारीक वाट गेलेली असते. ती चेंडूच्या अगदीं मध्यांतून जाईल अशा बेतानें कातारी तो काती. नाहीं तर वजन एका अंगास झुके आणि सरळ मारलेला चेंडू वांकडा धांवे. शिवाय हवा पालटली कीं चेंडू फुगे, आकसे, प्रसंगीं त्यास तडाही जात.

अखेर १८६३ सालीं न्यूयॉर्कच्या फेलन व कोलेंडर या कारखानदारांनीं हस्तिदंतास पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. ऑल्बनीचा जॉन वेस्ली हायट हा मुद्रक या नादीं लागला. त्याच्या चेंडूंवरील कोलोडियनचा लेप हा स्फोटक कापसाच्या कुळांतला. त्यामुळें चेंडू जोरानें आपटले कीं कधीं कधीं बंदुकीच्या टोपीसारखा बार होई. कोलोराडोच्या एका मद्यगृहाच्या मालकानें त्यास कळविलें कीं, आवाजाबद्दल आपली तक्रार नाहीं, पण तो होतांच खोलींतला प्रत्येक माणूस पिस्तूल उपसतो! ही हकीकत हायटनेंच पुढें सांगितली. याच खटपटींतून, कापूर मिसळून, १८७० सालीं त्यानें सेल्युलॉइडचें पेटंट घेतलें. फण्या, कॉलर आणि चित्रपटाच्या फिती या पदार्थाच्या झाल्या, त्या मूळ चेंडूच्या पायीं.

हस्तिदंताचा मान मात्र लगेच गेला नाहीं. १८७५ सालीं जबलपूरच्या छावणींत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानें स्नूकर हा खेळ काढला (पुढें इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो नव्हे). इंग्लिश बिलियर्डला ३ चेंडू पुरतात, स्नूकरला आज २२ लागतात. ते सारे हस्तिदंतीच करावयाचे म्हटले तर किती सुळे हवेत, हा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

खरा तोडगा निघाला तो बेकेलाइटनें. १९०७ सालीं बेल्जियममध्यें जन्मलेल्या लिओ बेकलंड यानें अमेरिकेंत फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून तें सिद्ध केलें. उष्णतेनें एकदां घट्ट झालें कीं तें पुन्हां वितळत नाहीं, आणि त्याचा चेंडू सर्व बाजूंनीं सारखाच भरीव असतो. आजचे उत्तम चेंडू याच जातीच्या राळेचे असतात, स्नूकरचा ५२.५ मिलिमीटर व्यासाचा, तर कॅरमबोल बिलियर्डचा ६१.५. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय १९८९ सालीं झाला, तेव्हां या मेजास त्याची गरज केव्हांच उरली नव्हती.