कपाटातला फिल्म कॅमेरा पुन्हा वापरताना

बऱ्याच वर्षांनी फोटोग्राफीकडे वळताय? नवा कॅमेरा घेण्याआधी जुना बाहेर काढा. पेंटॅक्स के१००० (१९७६) सारख्या यांत्रिक कॅमेऱ्यात बॅटरी फक्त लाइट मीटरला लागते. शटर तिच्याविना चालतं.

📷 लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी.
📷 मागच्या झाकणाचा फोम चिकट झाला असेल, तर बदला. नाहीतर प्रकाश शिरून फिल्म खराब होते.
📷 मीटर बंद असलं तरी अडत नाही. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ ठेवा. आयएसओ २०० च्या फिल्मला शटर १/२५०.
📷 पावसाळ्यात चामड्याच्या केसऐवजी हवाबंद डबा आणि सिलिका जेल वापरा.

३६ फोटोंचा रोल प्रत्येक क्लिकआधी नीट बघायला शिकवतो. म्हणूनच मला फिल्म इतकी आवडते! तुमच्याकडे कोणता कॅमेरा आहे?