पात्राचा सांगाडा आणि पायरीची उंची

पडद्यावरील एखादें चित्र चालूं लागलें, म्हणजे प्रेक्षक त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्याच्या गुडघ्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु तें चालणें खरें वाटतें कीं खोटें, याचा निकाल पुष्कळदां त्या गुडघ्यांतच लागलेला असतो. म्हणून संगणकाच्या साह्यानें अ‍ॅनिमेशन करणारांना पात्राच्या रंगरूपाइतकीच त्याच्या आंतल्या सांध्यांची चिंता वाहावी लागते. या आंतल्या सांगाड्याला त्यांच्या परिभाषेंत ‘रिग’ म्हणतात.

ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाहीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळील पिंगुळी या गांवीं ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्यांचे व चामड्याच्या छायाबाहुल्यांचे खेळ करीत आले आहेत. ही परंपरा जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री देण्यांत आली. कळसूत्री बाहुलीच्या कोणत्या अवयवाला दोरा बांधावयाचा हें ठरलें, कीं ती काय करूं शकेल हेंही ठरून जातें. रिग म्हणजे असेच दोरे. फक्त ते प्रेक्षकाला दिसत नाहींत.

मुंबईच्या उपनगरांत, पवई येथील आय. आय. टी. च्या आवारांत, १९६९ सालीं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर ही संस्था स्थापन झाली. आतां आय. डी. सी. स्कूल ऑफ डिझाइन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेंत अ‍ॅनिमेशन हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय आहे. अशा शिक्षणक्रमांत विद्यार्थ्याला आपला लघुपट बहुधा एकट्यानें किंवा दोघांचौघांच्या मदतीनें पुरा करावा लागतो.

समजा, अशा एका लघुपटांत भाजीची पिशवी घेऊन घाटकोपर स्थानकाचा जिना चढणारी आजी दाखवावयाची आहे. तिचा सांगाडा कमरेपासून सुरू होतो. कंबर हलली कीं पाठ, खांदे व मान तिच्यामागून जातात. खांदा फिरला कीं कोपर आणि मनगट फिरतात. हात हलवून निरोप देण्यास ही रीत पुरते. पण आजीनें कठडा धरला, म्हणजे पंजा एका जागीं स्थिर राहिला पाहिजे, आणि शरीर वर सरकेल तसें कोपर आपोआप वांकलें पाहिजे. येथें हिशेब उलटा होतो: पंजाची जागा आधीं, कोपराची मागून. पायाचेंही तसेंच, नाहीं तर टेकलेलें पाऊल पायरीवरून घसरल्यासारखें दिसतें. शिवाय कोणत्या हाडाबरोबर त्वचा किती ओढली जावी, हेंही नेमून द्यावें लागतें. तें प्रमाण चुकलें, कीं वांकलेलें कोपर दुमडलेल्या रबरी नळीसारखें चपटें होतें.

रंगस्थलाचें मागाहून पाहूं, असें म्हणणारा विद्यार्थी येथेंच फसतो. पायरी उंच झाली, तर गुडघा छातीला भिडतो. ठेंगणी झाली, तर चढण्याचे श्रम दिसत नाहींत. म्हणून जिना व आजी हीं दोन्ही साध्या ठोकळ्यांनीं उभीं करून तिला एकदां सबंध जिना चढवून पाहणें हिताचें. कॅमेऱ्याची जागाही तेव्हांच ठरते. तो खालच्या पायरीपाशीं असेल, तर जिना डोंगरासारखा भासेल आणि पावलांकडे अधिक लक्ष द्यावें लागेल. चेहरा जवळून दिसणारच नसेल, तर ओठांचे निरनिराळे आकार घडविण्यांत वेळ दवडण्याचें कारण नाहीं. मागच्या गर्दीला तर मोजके सांधे पुरतात.

ही काटकसर क्षुल्लक नव्हे. सेकंदाला २४ चौकटी, या हिशेबानें एका मिनिटाला १,४४० चौकटी लागतात. सांध्यांतील दोष पन्नासाव्या चौकटीला आढळला, तर दुरुस्ती सोपी. हजाराव्या चौकटीला आढळला, तर मागचें बरेंचसें काम पुन्हां करावें लागतें, आणि परीक्षेची तारीख कांहीं पुढें जात नाहीं.

सूत्रधाराला दोन हातांनीं सांभाळतां येतील, इतकेच दोरे बाहुलीला असतात. विद्यार्थ्याचे हातही दोनच. कथेला लागतील तेवढेच सांधे, आणि त्या सांध्यांना जुळेल असा जिना, एवढें साधलें, तर आजीच्या हातांतील पिशवीचें ओझें प्रेक्षकालाही जाणवल्यावांचून राहत नाहीं.