रात्रपाळीतलं भय

सुरतेत भुताचा विषय निघाला की गप्पा डुमसच्या किनाऱ्यावर पोचतात. काळी वाळू, जुनं स्मशान, रात्री ऐकू येणाऱ्या हाका. पण तापीच्या मुखाशी, डुमसच्या समोरच्या अंगाला हजीरा आहे, आणि तिथल्या टाउनशिपमध्ये राहणाऱ्या गेमवेड्या मराठी मंडळींना माझं सांगणं असतं, की डुमसचं सोडा, घाबरायचा खरा ऐवज तुमच्याच काठावर आहे.

दक्षिण वसईच्या समुद्रातला वायू पाइपलाइनने ओएनजीसीच्या हजीरा प्रकल्पात येतो. त्यातला हायड्रोजन सल्फाइड इथे वेगळा काढतात. हा विषारी वायू थोडासा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण फार वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि नेमका तेव्हाच तो मरणाच्या दारात असतो. मानसिक भयाचे उत्तम गेम हेच करतात: दचकवत नाहीत, आपल्याच जाणिवेवरचा भरवसा काढून घेतात. अलीकडे ते पडक्या वाड्यांतून निघून कामाच्या जागी आलेत, हे मला फार आवडतं.

हजीऱ्याच्या माणसाने सुरुवात ‘स्टिल वेक्स द डीप’पासून करावी. ब्रिटनच्या द चायनीज रूम या स्टुडिओचा हा २०२४ चा गेम. काळ डिसेंबर १९७५, जागा स्कॉटलंडजवळच्या समुद्रातला तेलाचा फलाट. नायक साधा इलेक्ट्रिशियन; साहेबाने त्याला नुकतंच कामावरून काढलंय. तेवढ्यात ड्रिल खाली कशाला तरी लागतं. हातात शस्त्र नाही. शिड्या चढायच्या, व्हॉल्व्ह फिरवायचे, लपायचं. राक्षस मला तितकेसे भावले नाहीत. पण सकाळी कँटीनमध्ये थट्टा करणाऱ्या सहकाऱ्याचाच आवाज त्या राक्षसांच्या लगद्यातून येतो, तेव्हा पोटात गोळा येतो. ज्याने कधी सेफ्टी ड्रिलचा सायरन ऐकलाय, त्याला हा गेम जास्तच लागेल.

‘आयर्न लंग’ (२०२२) डेव्हिड शिमान्स्की यांचा, तासाभरात संपणारा. रक्ताच्या समुद्रात एक गंजकी छोटी पाणबुडी, खिडकी बंद केलेली. नकाशावरचे आकडे जुळवत जायचं, बाहेर काय आहे ते फक्त कॅमेऱ्याच्या धूसर फोटोत पाहायचं. कंट्रोल रूममध्ये रात्रभर आकड्यांवर विश्वास ठेवून बसणाऱ्यांनी तो एकदा खेळावाच.

‘माउथवॉशिंग’ (२०२४) या स्वीडिश गेममध्ये मालवाहू अंतराळयानावर पाच जण अडकलेत. कप्तान जखमी, बोलू न शकणारा. गोष्ट मागेपुढे उड्या मारते आणि जबाबदारी कोणाची, हा प्रश्न हळूहळू गळ्याशी येतो. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत निर्दय गेम आहे. आत्महत्या आणि लैंगिक अत्याचाराचे संदर्भ आहेत, तेव्हा मुलांसमोर नको, आणि मन खचलेलं असताना तर मुळीच नको.

पाठलाग सहन होत नसेल तर ‘सोमा’ घ्या. फ्रिक्शनल गेम्सचा, २०१५ चा, समुद्रतळावरच्या केंद्रात घडणारा. नंतर त्यात ‘सेफ मोड’ आला. राक्षस दिसतात, मारत नाहीत. ‘मी’ म्हणजे नेमका कोण, ही शंका मात्र कुठल्याही मोडमध्ये सुटत नाही.

‘सायलेंट हिल २’ तुम्ही खेळला असणारच. नसेल तर २००१ चा मूळ शोधत न बसता २०२४ ची नवी आवृत्ती घ्या. या मालिकेतलं प्रसिद्ध धुकं १९९९ च्या पहिल्या भागात आलं, ते जुन्या प्लेस्टेशनला दूरचं दृश्य पेलत नव्हतं म्हणून! मशीनची मर्यादा झाकायला घातलेला पडदा भीतीचं हुकमी साधन ठरला.

खर्चाचं म्हणाल तर ‘आयर्न लंग’ आणि ‘माउथवॉशिंग’ साध्या लॅपटॉपवर चालतात. ‘स्टिल वेक्स’ला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. हेडफोन मात्र सगळ्यांनाच हवेत, कारण यातली निम्मी भीती कानांतून येते.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’सारखा पुराणकथांवरचा गेम करून दाखवला. मग समुद्रातल्या फलाटावरचा मराठी भयगेम का होऊ नये? हजीऱ्यात आणि फलाटांवर रात्रपाळी करणाऱ्यांनो, तुमच्यात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी लिहून काढा. गेम करणाऱ्या पोरांना त्याच हव्या आहेत.